खुंटी एक, दावेदार दोन : वेस्टर्न डायोरामा रंगकामापर्यंत

मंडळी, १:७२ चा (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचा) वेस्टर्न डायोरामा, म्हणजे काउबॉयच्या काळातला एक प्रसंग दाखवणारा छोटा देखावा, आता रंगावर आलाय. प्रसंग २२ एप्रिल १८८९ चा, ओक्लाहोमातली पहिली लँड रन. दुपारी बाराला हद्द खुली झाली आणि सुमारे पन्नास हजार माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, रेल्वेने, पायीसुद्धा सुटली. आधी पोचून खुंटी ठोकेल त्याला १६० एकर. पडद्यावर बहुतेक वेळा ती पळापळच दाखवतात. मला ओढ आहे ती घोडे थांबल्यानंतरच्या क्षणाची. एकाच तुकड्यावर दोघं उभे राहिले की खरं वैर तिथून पेटतं, आणि दोघंही दरोडेखोर असले तर विचारायलाच नको.

१६० एकरांच्या चौरसाची बाजू अर्धा मैल. १:७२ ला ती ११ मीटरच्या वर जाते, त्यामुळे फक्त एक कोपरा घेतलाय. तळ ४५ बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे प्रत्यक्षातले साधारण ३२ बाय २२ मीटर. मधोमध सर्वेयरांनी रोवलेला खुणेचा दगड, त्याला लागून खुंटी. खुंटी टूथपिक तासून केली, उंची जेमतेम ८ मिलिमीटर. फडकं टिश्यू पेपरचं, पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाऱ्याच्या दिशेने वळवलेलं. माती तिकडची लालसर, म्हणून गेरूची पूड आणि तपकिरी पेस्टल एकत्र खलून भुरभुरवली.

या खेपेला सगळा जीव ओतलाय तो दोन घोड्यांत. बाराच्या आधीच चोरून आत शिरून दडून बसलेल्यांना ‘सूनर’ म्हणत. घोडा दौडत आल्यासारखा वाटावा म्हणून ते त्याच्या अंगाला साबणाचा फेस फासत, असे किस्से सांगतात. तोच धागा धरलाय. खरा दमलेला घोडा रंगवताना मान, छाती आणि तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) आजूबाजूचा रंग दोन छटा गडद ठेवला, कारण भिजलेले केस काळपट दिसतात. त्यावर सॅटिन (किंचित चमकणारं) वार्निश, आणि खोगिराच्या कडेला, लगाम घासतो तिथे स्पंजच्या टोकाने पांढरे ठिपके. गुडघ्यापर्यंत लाल धूळ. दुसऱ्याचं, म्हणजे सूनरच्या घोड्याचं अंग मात्र सगळं मॅट (बिनचमकीचं), कोरडं. फेस मागच्या पुठ्ठ्यावरसुद्धा (ढुंगणावर), आणि खूर स्वच्छ. बघणाऱ्याने आधी खूर पाहावेत म्हणून हा घोडा तळाच्या पुढच्या कडेला आणलाय.

खऱ्या दमलेल्या घोड्याचा स्वार माझ्या कल्पनेतला, पण त्याला डाल्टन बंधूंची सावली आहे. बॉब आणि ग्रॅट डाल्टन दोघेही आधी कायद्याच्या बाजूने बिल्ला लावून फिरले. मग मे १८९१ मध्ये त्यांच्या टोळीने व्हार्टनला रेल्वे लुटली, आणि ५ ऑक्टोबर १८९२ ला कॅन्ससातल्या कॉफीव्हिलमध्ये एकाच वेळी दोन बँकांवर हात घालताना दोघेही मारले गेले. बिल्ला उतरवलेला माणूस मला कुठल्याही जन्मजात खलनायकापेक्षा भारी वाटतो. २४ मिलिमीटरच्या बाहुल्यावर हे दाखवायचं तर विटक्या जाकिटावर छातीशी एकच गडद ठिपका, बिल्ल्याखाली ऊन न लागलेल्या कापडाचा. ट्रिपल झिरो (अगदी बारीक टोकाचा) ब्रश, एकच टेकवणी.

डायोरामाच्या पाटीवरचा मजकूरही ठरलाय. क्रीक आणि सेमिनोल लोकांकडून सरकारने १८६६ च्या करारांनी ही जमीन काढून घेतली होती, हे तिथे ठळक येणार. तिला ‘मोकळी’ म्हणणं मला पटत नाही.

आता उरलंय गवत. एप्रिल आहे, तेव्हा कोवळं हिरवं आणि त्यात गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या हव्यात. स्टॅटिक ग्रास (मॉडेलवर उभं चिकटवायचं कृत्रिम गवत) २ मिलिमीटरचं घेणार, काड्यांसाठी जुन्या ब्रशचे केस कापून लावणार. मागे धुळीचा लोट करायचा विचार आहे. कापसाचा या स्केलला ढगच दिसतो. कुणी पॉलिफिल (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) विंचरून, एअरब्रशने गेरूच्या छटेत रंगवून बघितलंय का? फोटो असतील तर जरूर टाका, गवत लावण्याआधी ते ठरवायला हवं.