मस्टँग २५ मिमी खाली: लोअरिंग स्प्रिंगांच्या कामाची नोंद

गाडी खाली आणणाऱ्या चारही स्प्रिंगा बसल्या, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालं, गाडी परत रोजच्या वापरात आली. गाडी फोर्डची, एस५५० पिढीतली मस्टँग जीटी, साध्या शॉकअबसॉर्बरची. २०१८ पासून जीटीला मॅग्नेराइडचा (विजेवर कडकपणा बदलणाऱ्या शॉकचा) पर्याय आला. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी स्ट्रटला (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडीला) हात लावण्याआधी त्याची वायर सोडवायची, नाहीतर ती ओढली जाते.

स्प्रिंगा निवडताना २५ मिमीच्या पुढे जायचं नाही हे नक्की होतं. कंपनीच्या शॉकवर याहून खाली गेलं की दांडा सतत बंप स्टॉपच्या (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराच्या) जवळ राहतो आणि खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर न बसता रबरावर आदळते. चाकाची वर-खाली हलायची जागा कमी केली म्हणजे कडकपणा वाढवावाच लागतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तार फक्त ५ टक्के जाड असली तरी स्प्रिंग साधारण २१ टक्के कडक होते. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही, मोजायचा व्हर्नियर कॅलिपर लावला की दिसतो.

पुढच्या चाकांचं काम सरळ. लिंक रॉडचा (गाडीचा कल आवरणाऱ्या बारला जोडणाऱ्या दांड्याचा) नट सोडवताना बॉल जॉइंटचा खिळा सोबत फिरतो, तो मधून धरायचा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी करायची, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधायचा, पाइपवर लटकू द्यायचा नाही. स्ट्रट बाहेर आला की स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) समोरासमोर लावून दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळायच्या. वरचा नट सैल करण्याआधी स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने हलते का, ते बघायचंच. दाबलेल्या स्प्रिंगमधली ताकद माणूस जायबंदी करायला पुरेशी आहे, तिथे घाई नको. नवी स्प्रिंग आखूड, ती जवळजवळ न दाबताच बसते. तिचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकलं पाहिजे आणि वरचा रबरी वायसर पुन्हा जागेवर गेला पाहिजे. हे चुकलं की गाडी वळवताना टणटण आवाज ठरलेला.

खरं काम मागच्या चाकांचं आहे. २०१५ साली मस्टँगच्या सगळ्या मॉडेलना स्वतंत्र मागचं सस्पेन्शन (दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी हलणारं) मिळालं (१९९९ पासून मस्टँगच्या कोब्रा मॉडेललाही ते होतं, पण कोब्रापुरतंच). यात स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात. शॉकचा खालचा बोल्ट आणि लिंक रॉड सुटले, की खालचा आर्म जॅकवर धरून हळूहळू उतरवायचा आणि स्प्रिंग मोकळी झाली की काढायची. जॅक ठाम हवा, आणि गाडीचं वजन स्टँडवर हवं, जॅकवर कधीच नको.

आता बुशांकडे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांकडे) या, कारण बहुतेक लोक नेमकं इथेच काम संपलं असं समजतात. आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पक्की होते आणि आर्म हलताना रबर पिळतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसतं: गाडी हवी तितकी खाली येत नाही, मऊ चालत नाही, आणि रबर लवकर फाटतं.

उपाय साधा आहे. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवलं. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरमधल्या हवेने ते बदलतं. त्यातून २५ मिमी वजा केले. सगळं जोडून झालं, चाक अजून लावलेलं नव्हतं, तेव्हा आर्मखाली जॅक घेऊन हबचा मध्य त्या अंतरावर येईपर्यंत उचलला आणि मगच बुशांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. जॅक वर जाताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे दुसऱ्या माणसाने लक्ष ठेवलं. पुढच्या खालच्या आर्मचे चेसिसकडचे बोल्टही याच पद्धतीने सैल करून पुन्हा आवळले. पुढे स्प्रिंग बदलायला ते उघडावे लागत नाहीत, पण बुशाची विश्रांतीची जागा बदलली होती.

गाडी थोडी चालवून स्प्रिंगा बसू दिल्या, मग अलाइनमेंट. पुढे साधारण २७ मिमी आणि मागे २२ मिमी उतरली आहे. दोन्हीकडे ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढला, मागे जास्त. मागे कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन) दोन्ही सेट करता येतात. पुढे मात्र कंपनीकडून फक्त टो मिळतो, कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा प्लेट लागतात. आधी कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. टायर खातो तो मुख्यतः टो, थोडा जास्तीचा कॅम्बर नव्हे, म्हणून अलाइनमेंट शीटवर पहिली नजर टोवर टाका. पुढचा भाग जास्त उतरल्याने हेडलाइटचा झोतही किंचित खाली गेला होता, तो स्क्रूने वर घेतला.

चालीबद्दल. वळणावर कल कमी झालाय, हे लगेच कळतं. कोणी म्हणेल गाडी खाली आली म्हणून. मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढच्या चाकाला असा स्ट्रट असलेल्या) गाडीत उलट होतं: गाडी उतरते त्यापेक्षा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) जास्त उतरतं, म्हणजे कलायला लागणारी तरफ लांबते. कल कमी झाला तो स्प्रिंगच्या कडकपणामुळे, उंचीमुळे नव्हे. म्हणूनच ४० मिमी खाली आणणाऱ्या मऊ स्प्रिंगांचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, गाडी कितीही देखणी दिसो.

उणीव एकच वाटते: मोठ्या उंचवट्यानंतर मागची बाजू एकदा जास्तीचा झोका घेते. नव्या स्प्रिंगला आवरायला जुन्या शॉकचा रिबाउंड (स्प्रिंग परत उसळताना शॉकने केलेला विरोध) कमी पडतोय. पुढचं काम तेच, चारही शॉक. स्ट्रट पुन्हा उघडायचाच आहे, तेव्हा कॅम्बरचे बोल्टही त्याच फेरीत घालून घेणार. कंपनीचे बंप स्टॉप किती चेपलेत तेही तेव्हा मोजून कळवतो.