भेरू घाटात ओरडणारे इंजिन

इंदूरमध्ये देवास नाक्याजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी गाड्यांच्या तांत्रिक तपासणीचे काम पाहतो, तिथे श्रावणात ओंकारेश्वरहून परतलेल्या गाड्यांची रीघ लागते. तक्रारी ठरलेल्याच असतात: बंपर घासला, चाकातून खडखड येते, एसी लावला की कुबट वास मारतो. त्यामुळे लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या जॉब कार्डवर "उतारावर इंजिन आपोआप रेस होते, आवाज बंद केल्यावर ब्रेक जळतात" असे वाचले, तेव्हा गाडी धुवायला पाठवण्याआधी मी त्यांनाच गाठले. गाडी स्ट्राँग हायब्रिड होती, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेवरची मोटर यंत्रणा, जी वेग कमी होताना वीज बनवून बॅटरी भरते.

"काका, आवाज बंद केला म्हणजे नेमकं काय केलंत?"

"न्यूट्रल केलं. लगेच शांत झाली. अहो, आयुष्यभर उतारावर न्यूट्रलच करत आलोय, पेट्रोलही वाचतं."

हकीकत अशी होती. गाडीत पाच माणसे आणि सामान होते. सिमरोल मागे पडून खंडवा रस्त्यावरच्या भेरू घाटाचा उतार सुरू झाला, तेव्हा गाडी अगदी मऊ चालत होती आणि डॅशबोर्डवरची बॅटरीची पट्टी भरताना पाहून नातवंडे खूश होती. थोडे खाली आल्यावर, पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही, इंजिन एकदम मोठ्याने ओरडू लागले. मागे बसलेल्या काकू घाबरल्या. काकांनी लिव्हर न्यूट्रलला टाकला आणि उरलेला घाट केवळ ब्रेकवर उतरवला. चोरलच्या अलीकडे जळका वास येऊ लागला आणि ब्रेक नेहमीपेक्षा बराच जोरात दाबावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच बिघाडाच्या आहेत, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती.

गाडी लिफ्टवर घेऊन पुढची चाके काढली. ब्रेकच्या डिस्कवर निळसर-जांभळी झाक होती, आणि तिला दाबून धरणाऱ्या पॅडचा जो पृष्ठभाग खरखरीत असायला हवा तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता. नखाने ओरखडा उमटत नव्हता. दोन्ही ब्रेक अति तापल्याच्या खुणा. मागच्या डिस्कच्या कडेला मात्र गंजाची पातळ रेघ होती. हायब्रिडमध्ये ही रेघ नेहमी दिसते, कारण शहरात बहुतेक वेग मोटरच ओढून घेते आणि पॅड डिस्कला जेमतेम लागतात. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरमध्ये बिघाडाचा एकही कोड दिसला नाही. माझ्या मते निदान इथेच झाले होते, परंतु वर्षभराच्या वापरातल्या गाडीचे इंजिन स्वतःहून ओरडते ही गोष्ट केवळ तोंडी खुलाशाने कोणालाही पटणार नाही, हेही कळत होते. म्हणून पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून दुसऱ्या दिवशी काकांना शेजारी बसवले आणि स्कॅनर जोडूनच गाडी घाटाकडे काढली.

वाटेत हिशेब सांगितला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडे लवकर पटतात, असा माझा अनुभव आहे. या वर्गातल्या गाडीची हायब्रिड बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास असते, म्हणजे घरच्या मीटरवर मोजतो त्या युनिटचा पाऊण भाग. तिचे आयुष्य टिकावे म्हणून संगणक ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि ऐंशी टक्क्यांच्या फार पुढेही जाऊ देत नाही. घाटाच्या तोंडाशी ती निम्म्याहून थोडी अधिक भरलेली असेल, तर प्रत्यक्षात जागा उरते जेमतेम पाव युनिटाची. आता माणसांसह साडेसोळाशे किलोंची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ०.४५ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायर, हवा आणि विजेच्या फेरफारात त्यातला बराच भाग गेला, तरी निम्मा तरी बॅटरीच्या दाराशी येतोच. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि बडवाहजवळ नर्मदा दोनशे मीटरच्याही खाली वाहते. हा सगळा उतार त्या बॅटरीत भरणे म्हणजे हंडाभर पाणी तांब्यात ओतणे होय. याउलट इंदुरात पलासियाच्या सिग्नलवर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी थांबवताना जी ऊर्जा मिळते, ती सहा मीटरांपेक्षा किंचित अधिक उतरण्याएवढीच असते. ती बॅटरी सहज गिळते, आणि म्हणूनच या गाड्या शहरात इतके चांगले ॲव्हरेज देतात.

घाट लागला. लिव्हर डीमध्येच ठेवून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन बंद, चाकांवरची मोटर जनित्र बनलेली, बॅटरीचा आकडा चढता. बोगद्यांच्या कामाचे डंपर पुढे असल्याने वेग कमीच होता. काही वळणांनंतर आकडा ऐंशीकडे सरकला, बॅटरीत जाणारा प्रवाह घसरू लागला आणि काकांनी सांगितलेला तोच आवाज सुरू झाला. इंजिनाचे फेरे शून्यावरून तीन हजारांच्या पुढे गेले.

"हे बघा, झालं सुरू!" काका म्हणाले.

मी त्यांना स्क्रीनवरची दुसरी ओळ दाखवली. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरसमोरचा आकडा शून्य होता. इंजिन फिरत होते, मात्र पेट्रोलचा थेंबही जळत नव्हता. बॅटरीत न मावणारी वीज गाडी इंजिनाला जोडलेल्या दुसऱ्या मोटरला देते आणि ती मोटर इंजिनाला नुसतेच फिरवते. सिलिंडरमध्ये हवा खेचणे, दाबणे आणि बाहेर टाकणे यांत, तसेच पिस्टनच्या घर्षणात ती ऊर्जा खर्ची पडते. जुन्या गाडीत आपण उतारावर दुसरा गियर टाकतो तेव्हा इंजिन जे करते, तेच इथे संगणक घडवून आणतो. म्हणजे काका ज्याला बिघाड समजले तो ब्रेक वाचवण्याचा खटाटोप होता, आणि न्यूट्रल टाकून त्यांनी तोच बंद पाडला. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही आणि इंजिनही रोखत नाही. संपूर्ण वजन चार चाकांच्या पॅडवर येते. पेट्रोल वाचते ही समजूतही कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. इंजेक्शनची साधी गाडीसुद्धा गियरमध्ये उतरताना इंधन तोडते आणि न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगसाठी ते जाळते.

यात आणखी एक धोका आहे, ज्याबद्दल गाडी विकताना कोणी फारसे बोलत नाही. अशा गाड्यांत ब्रेकचे पेडल आणि पॅड दाबणारा कॅलिपर यांचा नेहमीच्या वेळी सरळ संबंध नसतो. मोटरने किती रोखायचे आणि पॅडने किती, हे संगणक वाटून देतो आणि पायाला जाणवणारा दाब बऱ्याच अंशी स्प्रिंगने निर्माण केलेला असतो. त्यामुळे ब्रेक तापू लागल्याची खूण पायाला उशिरा मिळते. त्यातच ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असेल तर ते लवकर उकळते: डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. पॅड वर्षानुवर्षे टिकतात म्हणून हायब्रिडवाले ऑइल बदलायचे टाळतात. ते चुकीचे आहे.

एका रुंद वळणावर गाडी थांबवली. परतून वर आलो आणि पुन्हा उतरताना लिव्हर माथ्यावरच बीमध्ये, म्हणजे इंजिनाने गाडी रोखण्याच्या स्थितीत, ओढला. या वेळी इंजिन आरंभापासून फिरू लागले, आवाज एकदम अंगावर न येता वेगाबरोबर वाढला आणि बॅटरी सावकाश भरत गेली. खाली डिस्कवर तापमानाची गन धरली, तर ते शंभर अंशांच्या आत होते. काकांना एवढेच सांगितले की लांब घाट असेल तर माथ्यावरच बी टाकावा. लहान उतारावर डी पुरे. सपाट रस्त्यावर बीची सवय लावून घेऊ नये, कारण जी वीज साठली असती तिचा काही भाग इंजिन फिरवण्यात जातो.

जॉब कार्डवर पहिल्या तक्रारीपुढे "दोष नाही" असे लिहिले. पॅड वॉरंटीत बसत नाहीत हे ऐकून काकांनी थोडी कुरकुर केली आणि पैसे भरले.