वडाला कुंडी बघताना

आजचा अख्खा रविवार बाल्कनीत, मातीत हात घालून गेला. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून बोन्सायसाठी उथळ कुंड्या आणल्या होत्या. एकेक झाडापुढे मांडून बघत होते, तर आई म्हणाली, "काय गं, लग्नाचा बस्ता काढलायस का?"

ढोबळ हिशोब असा: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी. वड ३० सेंमी, म्हणजे कुंडी २० सेंमी. बुंधा चांगला जाडजूड, एक पारंबीही सुटलीये, त्याला ग्लेझ नसलेली, तपकिरी, कोनदार कुंडीच शोभते. बोगनवेलीला मात्र निळी, चकचकीत, लंबगोल. राणी रंगाची फुलं त्यावर काय उठून दिसतात! जपानी लोक या बाबतीत भलतेच काटेकोर. तिथलं तोकोनामे शहर बोन्सायच्या कुंड्यांसाठी नावाजलेलं आहे.

शोभेच्या दुकानातल्या गोंडस कुंड्यांना बऱ्याचदा खाली भोकच नसतं. ठाण्याच्या पावसात मुळं कुजणारच की! भोक हवं, त्यावर जाळीचा तुकडा, आणि त्यातूनच तार ओवून झाड बांधायचं. नाहीतर उथळ मातीत ते वाऱ्याने हलत राहतं आणि कोवळी मुळं तुटतात.

जेड अजून प्लास्टिकच्या कुंडीतच आहे बिचारं. कुणाकडे हिरवट-राखाडी, गोल, छोटी कुंडी पडून असेल तर सांगा. बदल्यात जेडची फांदी देईन, पटकन लागते.