गोळ्यांचं वेबिल

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा भागात. 2019 च्या पावसाळ्यात अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट फुगायला लागलं. मला वाटलं गॅस, दोन महिने सोडा पीत बसलो. मग डाव्या बरगडीखाली काहीतरी दगडासारखं हाताला लागलं तेव्हा कुठं दवाखान्यात गेलो, तर ती पाणथरी सुजलेली आणि पांढऱ्या पेशी 1 लाख 80 हजार. सीएमएल. म्हणजे ब्लड कॅन्सरच, पण डॉक्टर म्हणाले, काका घाबरू नका, हा त्यातल्या त्यात सरळ आहे, रोज एक गोळी घ्यायची, इमॅटिनिब 400. केमो नाही, केस जाणार नाहीत, ड्युटीही करा म्हणाले. ही गोळी एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर जायची म्हणे, आपल्याकडच्या कंपन्या स्वस्तात बनवतात आणि 2013 साली सुप्रीम कोर्टानं मूळ कंपनीचं पेटंट नाकारलं, म्हणून आपल्यासारख्याला परवडते.

रोज एक गोळी. ऐकायला किती सोपं, आणि तिथंच माणूस फसतो.

गोळी भरल्या पोटी घ्यायची आणि वर मोठा ग्लासभर पाणी प्यायचं. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचच्या गाडीला नुसत्या चहावर घेतली आणि पुढच्या स्टँडपर्यंत पोचायच्या आत खिडकीतून उलटी. गोळी पडली की राहिली कळेना, दुसरी घेऊ का म्हणून हॉस्पिटलला फोन केला तर सिस्टर ओरडल्याच, अजिबात नाही, आता उद्याचीच उद्याच्या वेळेला, आणि डबल तर कधीच नाही. तेव्हापासून गोळी रात्रीच्या जेवणात, मुक्कामी गाडी असेल तर डबा खाताना. ग्लासभर पाण्याचं म्हणाल तर धावत्या गाडीत कंडक्टरला ते परवडत नाही, ज्यानं ही नोकरी केलीय त्यालाच कळेल.

त्रास झालाच. रात्री पोटरीत असा गोळा यायचा की ताडकन उठून बसायचो (गोळीनं गोळा आणला म्हणून बायको हसायची). सकाळी डोळ्यांखाली पिशव्या, डेपोत जो तो विचारणार, काल जरा जास्त झाली का? मी माळकरी माणूस! वजन मात्र रोज बघायला सांगितलेलं, झपकन वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच कळवा. तीन महिन्यांनी पीसीआर झाली, म्हणजे रक्तात या कॅन्सरचा अंश किती उरलाय ते मोजायची तपासणी, 10 टक्क्यांच्या खाली हवी होती ती 6 आली. वर्षानं 0.09, आणि वर्षाला 0.1 च्या आत म्हणजे पास.

पास झालो आणि माजलो. बरं वाटतंय ना, मग आज राहिली तर राहिली, पुतण्याच्या लग्नात चार दिवस स्ट्रिप घरीच. पुढची पीसीआर 0.7. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच विचारलं, काका महिन्यात किती चुकतात? मी म्हटलं दोनतीन. ते म्हणाले खरं सांगा. मग सांगितलं, सहासात.

त्या रात्री वही काढली. आम्ही कंडक्टर लोक ड्युटी संपली की वेबिल करतो, तिकिटं किती गेली, कॅश किती, जुळलं तरच घरी. तसंच गोळ्यांचं सुरू केलं, तारीख, वेळ, स्ट्रिपमध्ये शिल्लक किती. दहाची स्ट्रिप दहा दिवसांत रिकामी झालीच पाहिजे. आणि पीसीआर म्हणजे चेकिंगची गाडी, कधीतरी गाठणारच.

पण खरी फजिती पुढंच झाली. नेहमीच्या मेडिकलमध्ये माल नव्हता, दुसऱ्याकडून आणल्या. रोज एक घेतोय, वहीत बरोबर जुळतंय, मी खूश. चौथ्या दिवशी ताटाशेजारी गोळी ठेवताना बायको म्हणाली, अहो ही गोळी बारीक दिसतेय. चष्मा लावून बघितलं तर 100 एमजी! म्हणजे तीन दिवस मी पाव डोसवर. तिकिटांची संख्या बरोबर आणि किंमत चुकलेली, अशी शॉर्ट, म्हणजे कॅशमध्ये तूट, आमच्याकडं नव्या पोरांना लागते, वीस वर्षं सर्व्हिस झालेल्याला नाही. ताबडतोब फोन केला. राहिलेलं भरून काढायला जास्त घेऊ नका, आजपासून पूर्ण 400 चालू करा म्हणाले. आता मेडिकलच्या काउंटरवरच नाव, एमजी, एक्सपायरी मोठ्यानं वाचतो, मागचे लोक वैतागले तरी.

आणखी एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच विचारलं म्हणून कळलं. गौरी-गणपतीला आमच्याकडं पपनस येतं. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं गोळीच्या कागदावर होतं आणि ते कुठलं विलायती फळ आपल्याला काय मिळणार म्हणून मी सोडून दिलेलं. तर पपनस त्याच भावकीतलं! शरीरात गोळीचं प्रमाण वाढू शकतं. डोकं दुखलं की डोलो हेही बंद, विचारून आणि मोजून. शेजारच्या काकूंनी कुठला तरी काढा आणून दिलेला, तो नम्रपणे तुळशीत ओतला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन मग गोळी, विठोबाची काही हरकत दिसली नाही.

गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला आली तेव्हा माझा डबा वरच्या फळीवर गेला, कारण गरोदर बाईनं तुटलेल्या गोळीला किंवा चुऱ्याला हात लावायचा नाही. तिला सवय बाबांची गोळी काढून द्यायची. दोन दिवस रुसली होती.

सध्या 0.04. परवा सांगलीच्या फेरीला वही घरी राहिली तर तिकिटाच्या रोलमागं लिहून ठेवलं, 9.10, जेवण झालं, शिल्लक 6.