काखेती: अलाझानीच्या दोन्ही काठांवरची वाइन

जॉर्जियाची राजधानी तिब्लिसीहून काखेतीला जाणारे बहुतेक प्रवासी सकाळी निघतात, चार ठिकाणी वाइन चाखतात आणि रात्री परततात. असं करू नका. जॉर्जियातल्या द्राक्षबागांचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग या एकाच प्रांतात आहे. किमान तीन मुक्काम हवेत: एक सिघनाघीत, दोन तेलावीत. दिवसाला दोनच मारानी (वाइनची कोठारं) ठेवा. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ तुरट पडलेली असते आणि सगळ्याच वाइन सारख्या लागू लागतात.

कधी जायचं, ते काय पाहायचंय त्यावर ठरवा. काढणी, म्हणजे तिथली र्तवेली, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. नाशिककडच्या वाचकांना हे उलटं वाटेल. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो; तिथे थंडीत वेल पूर्ण झोपतो, त्यामुळे वर्षाला एकच पीक आणि एकच मुख्य छाटणी. र्तवेलीत द्राक्षं चिरडताना दिसतात, पण क्वेव्रीतली, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणातली, नवी वाइन प्यायला मिळत नाही, कारण ती अजून आंबत असते. रांजण उघडतात वसंतात. थेट रांजणातून काढलेली वाइन चाखायची असेल तर एप्रिल-मे गाठा.

सिघनाघीची मार्शुत्का (मिनीबस) तिब्लिसीत सामगोरी मेट्रोजवळून सुटते. अंतर सुमारे ११० किलोमीटर. तेलावीच्या शेअर टॅक्सी इसानी मेट्रोपाशी मिळतात. गोम्बोरी घाटातला रस्ता जवळचा आणि देखणा आहे, पण वळणांचा. गाडी लागत असेल तर गुरजानीवरून जाणारा लांबचा रस्ता बरा. हिवाळ्यात घाटात बर्फ आणि धुकं असतं. काखेतीत फिरायला चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि निघण्याआधी थांबे व लारीतली (तिथलं चलन) रक्कम दोन्ही पक्की करा. मद्य पिऊन गाडी चालवण्याचा कायदा तिथे कडक आहे, त्यामुळे स्वतः चालवायचा विचारच नको.

सिघनाघी टेकडीवर आहे. खाली अलाझानी नदीचं खोरं, पलीकडे काकेशस पर्वताची भिंत. इथून तेलावीकडे जाताना उजव्या काठावरची गावं लागतात: गुरजानी, मुकुझानी, वाझिसुबानी, त्सिनानदाली. ही नावं लक्षात ठेवा, कारण दुकानातल्या बाटलीवर हीच दिसतात. जॉर्जियन लेबलवर पुष्कळदा द्राक्षाचं नाव नसून गावाचं असतं. मुकुझानी, अखाशेनी, किंदझमराउली या तिन्ही सापेरावी या एकाच लाल द्राक्षाच्या वाइन. पण मुकुझानी कोरडी आणि ओकच्या पिंपात मुरलेली, तर बाकी दोन अर्धगोड. त्यांच्यात साखर घालत नाहीत. आंबणं सुरू असताना थंडावा देऊन यीस्ट थांबवतात आणि द्राक्षाची साखर शिल्लक ठेवतात. चाखायला बसल्यावर ‘कोरडी की अर्धगोड’ हे आधी विचारा. नाहीतर सापेरावी म्हणून मागवलेली बाटली गोड निघते.

र्काट्सितेली या पांढऱ्या द्राक्षाचं याहून मोठं उदाहरण. त्सिनानदालीत ती म्त्स्वाने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या थोड्या जोडीने युरोपीय पद्धतीने बनते: रस सालीपासून लगेच वेगळा, वाइन फिकी आणि हलकी. तेच द्राक्ष क्वेव्रीत गेलं की रंग गडद चहासारखा होतो. दोन्ही पेले शेजारी ठेवून मागा. आमच्या मते काखेतीत दुसरं काही चाखलं नाही तरी एवढं चाखावंच.

क्वेव्री म्हणजे मानेपर्यंत जमिनीत पुरलेला टोकदार बुडाचा मातीचा रांजण. तेलावीजवळच्या वार्दिसुबानी गावात तो घडवताना पाहता येतो. मातीच्या वळ्या थरावर थर चढवायच्या, प्रत्येक थर सुकू द्यायचा, म्हणून मोठ्या रांजणाला महिने लागतात. भाजून गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण लावतात, त्याने छिद्रं भरतात. काखेती पद्धतीत रस, साली, बिया आणि पिकलेले देठ असं सगळं आत जातं. साली वर तरंगून टोपी बनते म्हणून रांजण काठोकाठ भरत नाहीत. ती टोपी दिवसातून तीन-चार वेळा दाबून खाली घालावी लागते. कोरडी राहिली तर तिच्यात व्हिनेगरचे जंतू वाढतात. आंबणं थांबलं की रांजण भरून झाकण पक्कं करतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

बिघडतं कुठे? देठ कच्चे असले तर कडू, हिरवट तुरटपणा येतो. वर हवा राहिली तर नेलपॉलिशसारखा वास येतो. रांजण नीट घासला नसेल तर कुबट चव येते, ती बहुधा गिळल्यानंतर कळते. ‘घरची वाइन अशीच असते’ असं कुणी सांगितलं तरी हे दोष आहेत, आणि चांगल्या मारानीत ते नसतात. गडद वाइन बर्फासारखी गार करू नका. १४ ते १६ अंशांवर ती खुलते. आणखी एक, जिवाशी खेळणारी गोष्ट: आंबणाऱ्या क्वेव्रीवर वाकून वास घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड तोंडाशी साठलेला असतो आणि बंद मारानीत माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो.

डाव्या काठाला एक दिवस: तेलावी, अलावेर्दी, नापारेउली, ग्रेमी, क्वारेली आणि परत. अलावेर्दीचं अकराव्या शतकातलं कॅथेड्रल आधी पाहा. तिथले संन्यासी आजही क्वेव्रीत वाइन करतात. स्त्रियांना डोक्यावर ओढणी आणि लांब झगा, पुरुषांना पूर्ण पँट लागते. क्वारेलीत डोंगर पोखरून केलेले बोगदे आहेत, आत बारा-चौदा अंश. जॅकेट जवळ असू द्या. या काठाला गारपिटीचा मोठा धोका. जुलै २०१२ च्या गारपिटीने तेलावी-क्वारेली भागातल्या बागा झोडपल्या.

जेवणाशिवाय चाखू नका. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: लोबिओ (राजम्यासारखी घेवड्याची उसळ), अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालकाची प्खाली (अक्रोड घालून वाटलेली भाजी), चीज भरलेली इमेरेती खाचापुरी (भाजलेली रोटी). अक्रोड आणि चीज गडद वाइनचा तुरटपणा पेलतात. कुटुंबाच्या मेजवानीत टोस्ट (पेला उंचावून केलेलं शुभेच्छांचं छोटं भाषण) झाल्यावरच पितात. कमी प्यायचं असेल तर सुरुवातीलाच यजमानांना सांगा. चाचा ही चोथ्यापासून गाळलेली दारू बरीच कडक असते, वाइननंतर लगेच नको.

भारतात येताना प्रौढ व्यक्तीला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर. प्लास्टिकच्या बाटलीतली घरची वाइन आणू नका. उष्णतेत ती पुन्हा आंबू शकते आणि सामानात फुटते. ख्वांचकारा ही अर्धगोड लाल वाइन काखेतीची नाही, राचा या छोट्या डोंगराळ भागातली. विमानतळावर ती फार स्वस्त दिसली तर शंका घ्या. व्हिसा आणि विम्याचे नियम बदलत राहतात, निघण्याआधी जॉर्जियाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा, आणि हॉटेलचं आरक्षण व परतीचं तिकीट छापून हातात ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवर ते मागतात.