ट्रकचा एअर फिल्टर: धुवून वापरायचा की बदलून टाकायचा?

१२ लिटरचं डिझेल इंजिन १८०० आरपीएमला फिरताना, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब न धरताही, मिनिटाला सुमारे १०,८०० लिटर हवा ओढतं. टर्बो भरात असला की दुपटीहून जास्त. कापडी धुवायचा फिल्टर आणि कागदी बदलायचा फिल्टर यांतून एक निवडताना मी हा आकडा समोर ठेवला आणि किमतीचा हिशोब मागे ढकलला.

दोन्हींच्या माहितीपत्रकांत आयएसओ ५०११ चाचणीचे, म्हणजे फिल्टर किती टक्के धूळ अडवतो याचे, आकडे शोधले. तुलना करताना चाचणीची धूळ बारीक होती की जाड आणि हवेचा प्रवाह किती होता, हे दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के यांतला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण अडवलेली धूळ मोजण्यापेक्षा सुटलेली मोजा: एक किलो धुळीतून पहिला फिल्टर १० ग्रॅम आत सोडतो, दुसरा १ ग्रॅम. म्हणजे दहापट. हीच धूळ लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनच्या रिंग घासते. मग कॉम्प्रेशन उतरतं, ब्लो-बाय (रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू) वाढतो, इंजिन ऑइल खायला लागतं.

माहितीपत्रकात सुरुवातीची कार्यक्षमता आणि पूर्ण आयुष्यातली कार्यक्षमता असे दोन वेगळे आकडे असू शकतात. विकणारा बहुधा दुसराच सांगतो. निर्णय मात्र पहिल्यावर ठरतो. फिल्टर नवा असताना सर्वांत जास्त धूळ सोडतो. वर धुळीचा थर बसला की तोच थर गाळणीचं काम करतो आणि फिल्टर सुधारत जातो. धुवायचा फिल्टर दर धुण्यानंतर पुन्हा त्या कमकुवत अवस्थेत जातो. कागदी फिल्टर मळकट दिसला म्हणून वेळेआधी बदलणंही याच कारणाने तोट्याचं आहे.

म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता रिस्ट्रिक्शन इंडिकेटर, म्हणजे फिल्टर हवेला किती अडवतो ते दाखवणारा मापक, पाहायचा. टर्बो डिझेलसाठी साधारण मर्यादा पाण्याच्या २५ इंच उंचीइतक्या दाबाची, म्हणजे सुमारे ६.२ किलोपास्कलची असते. तुमच्या इंजिनासाठी कंपनीने दिलेला आकडाच खरा धरा. रीडिंग पूर्ण लोड आणि पूर्ण आरपीएमला घ्यायचं. गाडी उभी ठेवून आयडलला घेतलेलं रीडिंग काही सांगत नाही.

कापडी फिल्टरचं खरं काम धुण्यानंतर सुरू होतं. क्लीनर लावा, स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे कमी दाबाच्या पाण्याने धुवा, मग सावलीत पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा किंवा हीटर वापरलात की कापडाचे धागे सरकतात, घड्या आकसतात. घाई नको, म्हणजे प्रत्येक ट्रकमागे दुसरा सेट हवाच. नंतर कापडाला धूळ धरून ठेवणारं फिल्टर ऑइल. कमी पडलं तर कोरड्या पट्ट्यातून धूळ सरळ आत जाते. जास्त झालं तर ते हवेबरोबर पुढे जाऊन एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि सेन्सर चुकीचं रीडिंग देतो. ज्या गॅरेजमध्ये हे काम दर वेळी वेगळा माणूस करतो, तिथे हा फिल्टर मी बसवणार नाही.

कागदी फिल्टर हवेने फुंकून पुन्हा लावणं ही तिसरी वाट सर्रास वापरली जाते, आणि तीच मला सर्वांत धोक्याची वाटते. जमिनीवर आपटला की कडेची धातूची तबकडी वाकते आणि सील बसत नाही. जोरात फुंकला की कागदाला इतकी बारीक भोकं पडतात, की आत दिवा धरूनही दिसत नाहीत. इंजिन कंपनीने परवानगी दिली असेल तरच, २ बारपेक्षा कमी दाबाने, आतून बाहेर फुंका. मेन फिल्टरच्या आत बसणारा दुसरा, सेफ्टी फिल्टर मात्र कधीच धुवायचा किंवा फुंकायचा नाही. मेन फिल्टर साधारण तिसऱ्यांदा बदलताना तोही नवा टाका.

मी खडी, माती आणि कच्च्या रस्त्यांवरच्या गाड्यांना कागदी फिल्टरच ठरवला. डांबरी रस्त्यावरची लांब पल्ल्याची गाडी, धुणारा एकच जाणता माणूस आणि दोन सेट असतील तर कापडी चालेल. तरीही पहिल्या दोन-तीन ऑइल बदलांच्या वेळी जुन्या इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. धुळीतल्या सिलिकॉनबरोबर इंजिनाच्या झिजेचं लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम वाढत असेल तर धूळ आत जाते आहे. एकटं सिलिकॉन वाढलं तर ते नुकत्याच लावलेल्या गॅस्केट सीलंटमधूनही आलेलं असू शकतं.

कुठलाही फिल्टर बसवताना आधी फिल्टरच्या डब्यातली सीलची बैठक ओल्या फडक्याने पुसा. तिथला एक खडासुद्धा सील उचलतो. फिल्टर ते टर्बो या पाइपात पांढरं फडकं फिरवा. त्यावर धूळ आली तर दोष सील, होज किंवा क्लॅम्पमध्येही असू शकतो, आणि तो सापडेपर्यंत नवा फिल्टर टाकून उपयोग नाही. डब्याखालचा रबरी धूळ-व्हॉल्व्ह दाबून बघा: कडक झाला, चिकटला किंवा गळून पडला असेल तर जाड धूळ बाहेर पडत नाही आणि फिल्टर वेळेआधी भरतो. शेवटी इंडिकेटर रीसेट करा आणि पूर्ण लोडचं पहिलं रीडिंग तारखेसह डब्यावरच लिहून ठेवा.