वॅट आणि तास: आमच्या घराच्या धुराचा हिशेब

पर्यावरणाची काळजी म्हटली की आपल्याकडे आधी कापडी पिशवी आठवते. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती आमच्याही दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि गटारे तुंबू नयेत, गुरांच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये यासाठी ती हवीच. मात्र आपल्या घरापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो, हे जाणून घ्यायचे असेल तर विजेची बिले, गॅसची नोंद आणि पेट्रोलचा खर्च घेऊन बसावे लागते.

हा हिशेब अवघड नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशावर तयार होत असल्याने एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. लिटरभर पेट्रोल जळले की 2.3 किलो आणि 14.2 किलोचे सिलिंडर संपेपर्यंत साधारण 42 किलो. महिन्याला 200 युनिटे वापरणाऱ्या घराचे एकट्या विजेपोटी 140 किलो होतात. पुण्याहून विमानाने दिल्लीला जाऊन-येऊन माणशी याहून अधिक भरतात, ही गोष्ट कागदी स्ट्रॉचा आग्रह धरणाऱ्या मंडळींत सहसा निघत नाही.

विजेत मात्र डोळ्यांवर विसंबता येत नाही. गीझर सुरू केला की मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो. एकटा पंखा चालू असेल तर पुढच्या लुकलुकीची वाट पाहावी लागते. त्यामुळे सगळा दोष गीझरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागते, तर 75 वॅटचा जुना पंखा 12 तासांत 0.9 युनिट खातो, आणि असे पंखे घरात तीन-चार असतात. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरच्या पंख्याला तेवढ्याच वाऱ्यासाठी 30 वॅटच्या आसपास पुरतात. चालू पंखे मोडीत काढणे मला पटत नाही, कारण नवा पंखा घडवायलाही कोळसा जळतोच. पण जुन्याचे वाइंडिंग जळाले की ते पुन्हा भरून न घेता नवा बसवायचा, असे आम्ही ठरवले आहे. एसी 24 अंशांखाली न्यायचा नाही, हे घरात थोड्या वादानंतर मान्य झाले. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

यापुढचे काम एकट्या घराच्या आवाक्यातले नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल सामाईक असते. छतावरील सौर विजेसाठीच्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर पॅनेलसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते. आमच्या सोसायटीत त्यावर अजून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचीच चर्चा चालू आहे, आणि ती शंका रास्तही आहे, म्हणून आधी गळती काढून मग पॅनेल, असा क्रम मी पुढच्या सभेत सुचवणार आहे.